गोळी लहान होऊ दे, पण डॉक्टरांच्या हातून

अगं, गाल फुगले म्हणून गोळी अर्धी करायची नसते. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल. ‘ताई, वायसोलोन थोडी कमी केली तर चालेल का गं, असंच विचारते,’ असं तू फोनवर म्हणालीस. ट्रान्सप्लांटच्या ओपीडीत सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर हे ‘असंच’ मला ओळखता येतं. असंच विचारणाऱ्या बऱ्याच जणींनी गोळी आधीच कमी केलेली असते. तू केली नसशील असं धरून चालते. केली असशील तर हे वाचायचं थांबव आणि आत्ता तुझ्या युनिटला फोन कर. ओरडतील म्हणून घाबरू नकोस. लपवलेलं कळल्यावरच तिथले लोक चिडतात, सांगितलेल्यावर नाही.

तुझं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. डायलिसिसवर होतीस तेव्हा चेहरा ओढलेला, काळवंडलेला होता. आता रंग परत आला, पोटभर पाणी पिता येतंय, आणि नेमकी आत्ताच आरशात कोणी वेगळीच बाई उभी राहते. लग्नघरात एखादी मावशी हनुवटी धरून ‘चांगली सुधारलीस हो’ म्हणते, तिला काय सांगणार? वरच्या ओठावर लव, पाठीवर पुरळ, रात्री दोनला टक्क जाग, आणि दुपारी चार वाजता अशी भूक की डब्यातला चिवडा संपल्याशिवाय हात थांबत नाही. हे सगळं त्या गोळीचंच आहे, आणि यातलं बरंचसं गोळीबरोबर उतरतं. पण किती आणि कधी उतरवायची, हे गालांकडे बघून ठरत नाही.

आईने किडनी दिली म्हणजे तुझ्या शरीराने ती आपली मानली, असा तुझा समज आहे. तसं होत नसतं. आईकडून तुला निम्मा वारसा मिळाला, उरलेला निम्मा बाबांचा. त्यामुळे आईच्या किडनीत तुझ्या पांढऱ्या पेशींना अनोळखी असं पुष्कळ काही सापडतं, आणि अनोळखी दिसेल त्यावर तुटून पडणं हेच त्यांचं काम. आज पडतील, पाच वर्षांनीही पडतील. म्हणून तीन औषधं एकत्र देतात. टॅक्रोलिमस त्या पेशींना जागं करणारा इशाराच अडवतं. मायकोफिनोलेट त्यांची संख्या वाढू देत नाही. प्रेडनिसोलोन, म्हणजे तुझी वायसोलोन, सूज आणि चिथावणी दोन्ही दाबते. तिघांची कामं वेगळी, म्हणून प्रत्येकाचा डोस बेताचा ठेवता येतो. एकाला तू परस्पर काढून टाकलंस, तर उरलेल्या दोघांकडून तिसऱ्याचं काम होईलच असं नाही.

आणि वायसोलोन हे स्टेरॉइड आहे म्हटल्यावर शेजारचा मुलगा ‘स्टेरॉइड म्हणजे बॉडी बनवायचं ना’ म्हणाला, त्याला हसून सोडून दे. जिममध्ये चोरून घेतात ती स्टेरॉइडं पुरुषी हार्मोनच्या कुळातली. तुझं हे कॉर्टिसोलच्या कुळातलं. कॉर्टिसोल आपलं शरीर रोज स्वतः बनवतं. तुझ्या जुन्या किडन्या आतच आहेत, काढलेल्या नाहीत, आणि त्यांच्या माथ्यावर ॲड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी आहेत. कॉर्टिसोल तिथे तयार होतं. या ग्रंथी लक्षात ठेव, त्यांच्याबद्दल पुढे बोलायचंय.

आता डोसाचा हिशेब. तो एकदा नीट समजला की भीती निम्मी होते. ऑपरेशनच्या दिवशी तुला सलाईनमधून मिथाइल प्रेडनिसोलोन दिलं होतं. बहुतेक ठिकाणी ते ५०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत ते भराभर खाली आणतात आणि तोंडाने गोळी सुरू करतात, साधारण रोज २० मिलिग्रॅमने. मग दर दोन-तीन आठवड्यांनी अडीच किंवा पाच मिलिग्रॅम कमी करत १५, १०, साडेसात असं तीन महिन्यांच्या सुमारास ५ ते साडेसातपर्यंत येतात. पुष्कळ जणी पुढे वर्षानुवर्षं ५ वरच राहतात. हे ढोबळ चित्र आहे हं. तुझं वजन, तुझी रक्तगटाची आणि क्रॉसमॅचची कहाणी, आईचं वय, तुला सुरुवातीला दिलेलं इंजेक्शन, यांवरून तुझ्या डॉक्टरांनी तुझा कागद वेगळा लिहिलेला असणार. माझे आकडे तुझ्या फायलीला लावू नकोस, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचे तर मुळीच नकोस.

सुरुवातीला एवढा मोठा डोस का, असं तुला वाटेल. किडनी नवी असताना हल्ल्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. पहिले तीन ते सहा महिने डोळ्यांत तेल घालून जपायचे. धोका उतरतो तसा डोसही उतरतो, आणि तू आता नेमकी त्या उतारावर आहेस. खंबाटकीचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकणारे महाभाग तू पाहिलेत ना? उतार असतो म्हणूनच गाडी गिअरमध्ये ठेवायची असते. दोन महिने सगळे रिपोर्ट छान आले, आता कशाला एवढ्या गोळ्या, असं वाटतं तेव्हाच हात आवरायचा.

आणि हा २० मिलिग्रॅमचा आकडाही सहज आलेला नाही. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली ती जुळ्या भावांमध्ये. एकाच बीजाचे जुळे, त्यामुळे शरीराने ती परकी मानली नाही आणि औषधांचा प्रश्नच आला नाही. बाकीच्यांचं काय? अॅझाथायोप्रिन आलं, पण एकट्याने ते पुरेना. मग डेन्व्हरच्या थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये दाखवलं की किडनी नाकारली जाऊ लागली तरी प्रेडनिसोनचे मोठे डोस देऊन ती वाचवता येते. तेव्हापासून स्टेरॉइड या उपचारात आलं ते आजवर. पण ते डोस असे दांडगे होते की किडनी वाचायची आणि माणूस जंतुसंसर्गाने जायचा, नाहीतर खुब्याची हाडं निकामी व्हायची. बेलफास्टच्या डॉ. मॉली मॅकगोन यांनी १९६८ पासून आपल्या रुग्णांना पहिल्यापासूनच कमी डोस दिला आणि किडन्या तशाही टिकतात हे दाखवून दिलं. त्या पद्धतीला पुढे ‘बेलफास्ट रेसिपी’ असंच नाव पडलं. मग ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं, नव्वदच्या दशकात टॅक्रोलिमस, आणि स्टेरॉइड आणखी खाली आणता आलं. आपल्याकडे वेल्लोरला १९७१ मध्ये यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं, तेव्हाच्या पेशंटना किती गिळावं लागायचं ते जुन्या सिस्टरांच्या तोंडून मी ऐकलंय. तुझ्या गालांची काळजी डॉक्टरांना नाही असं समजू नकोस. हा डोस खाली यावा म्हणून साठ वर्षं लोक खपताहेत.

‘मग त्या अमक्या बाईची गोळी सातव्या दिवशी बंद झाली, माझी का नाही?’ हा तुझा दुसरा प्रश्न, आणि तो रास्त आहे. तसे काही पेशंट असतात. २००९ च्या केडिगो या जागतिक मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की ज्यांना धोका कमी आहे आणि ज्यांना सुरुवातीची जोरकस इंजेक्शनं मिळाली आहेत, त्यांचं स्टेरॉइड पहिल्या आठवड्यात थांबवता येईल. पण त्याच्याच पुढे हेही आहे, की पहिला आठवडा उलटल्यावरही गोळी चालू असेल तर ती काढण्यापेक्षा चालू ठेवलेली बरी. म्हणजे काढायची तर अगदी सुरुवातीला, ठरवून. मधेच कधीतरी मनाला आलं म्हणून नाही.

यावर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये छापून आला. ३८६ पेशंटपैकी काहींची गोळी सातव्या दिवशी थांबवली, बाकीच्यांची हळूहळू ५ मिलिग्रॅमवर आणून चालू ठेवली. कोणाची चालू आणि कोणाची बंद, हे पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. पाच वर्षांनी पाहिलं तर किडन्या टिकण्यात फारसा फरक नव्हता. बंद केलेल्यांचं वजन आणि रक्तातली चरबी जरा बरी होती. पण किडनी नाकारली जाण्याचे झटके त्यांच्यात जास्त आले, शंभरात साधारण अठरा. चालू असलेल्यांत अकरा. झटके बहुतेक सौम्य होते आणि उपचारांनी आटोक्यात आले, हेही खरं. आता यातलं काय निवडायचं, हे पेशंट बघून ठरतं. आधी एखादं ट्रान्सप्लांट झालेलं असेल, पुष्कळ वेळा रक्त चढवलेलं असेल, मूळ आजार ल्युपस किंवा आयजीए नेफ्रोपथी असेल, तर डॉक्टर स्टेरॉइड काढायला राजी नसतात. आणि एक खास आपलं बायकांचं: बाळंतपणंही यात मोजली जातात. पोटातल्या बाळाच्या निमित्ताने आईच्या रक्तात परक्या पेशींविरुद्धची अँटिबॉडी तयार झालेली असू शकते. तुझं एक बाळंतपण झालंय, डायलिसिसच्या दिवसांत रक्ताच्या बाटल्याही लागल्या होत्या. तेव्हा त्या अमक्या बाईशी तुलना नको. शिवाय सुरुवातीची ती इंजेक्शनं महाग असतात, प्रत्येकीला परवडत नाहीत. तिन्ही औषधांत प्रेडनिसोलोन सगळ्यांत स्वस्त, हेही तिच्या टिकून राहण्याचं एक कारण आहे.

आता त्या ॲड्रिनल ग्रंथींकडे येऊ. त्या रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतात, त्याचं काम साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आसपास भरतं. बाहेरून रोज तेवढं किंवा जास्त मिळायला लागलं, की मेंदू त्यांना सांगतो, तुम्ही थांबा. काही आठवड्यांत त्या कामाची सवय विसरतात. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केलीस तर बाहेरूनही नाही आणि आतूनही नाही. गळून जाणं, चक्कर, उलट्या, पोटदुखी, बीपी खाली, साखर खाली, आणि वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं. ग्रंथींना परत जागं व्हायला महिने लागतात, कधी वर्षही. डॉक्टर अडीच-अडीच मिलिग्रॅमने उतरतात ते किडनीसाठी, आणि या ग्रंथींसाठीही.

म्हणून घरातल्यांनाही सांगून ठेव: ताप, जुलाब, उलट्या, अपघात, दात काढणं, कुठलंही ऑपरेशन, असं काही आलं की ‘ही रोज स्टेरॉइड घेते’ हे समोरच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं. आजारपणात शरीर स्वतःहून जास्त कॉर्टिसोल सोडतं, तुझं सोडू शकणार नाही. तेव्हा डोस तात्पुरता वाढवावा लागतो किंवा इंजेक्शन द्यावं लागतं. पर्समध्ये एक कार्ड ठेव. त्यावर ट्रान्सप्लांटची तारीख, तिन्ही औषधं मिलिग्रॅमसकट, युनिटचा फोन. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी फोन.

गोळी घ्यायची कशी, तेही सांगते. सकाळी, नाश्ता झाल्यावर. आपलं कॉर्टिसोल पहाटे-सकाळी सगळ्यांत जास्त असतं, त्या वेळेशी जुळवून घेतलं की शरीराला कमी गोंधळ. रात्री घेतलीस तर झोपेचं खोबरं. आधीच दोनला जाग येते म्हणतेस, गोळी किती वाजता घेतेस ते आधी बघ. उपाशीपोटी घेऊ नकोस, पोटात आग पडते. संकष्टीचा उपास, नवरात्रातले नऊ दिवस, हे या वर्षी सासूबाईंना विचारून सोडून दे. त्या नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाल्याच तर माझ्याशी बोलायला सांग. टॅक्रोलिमस मात्र बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून. ज्या दिवशी त्याची लेव्हल काढायची असते, त्या सकाळी टॅक्रोलिमस रक्त दिल्यावरच घ्यायचं. पुष्कळ जणी आधी घेऊन येतात आणि मग लेव्हल चुकीची उंच दिसते. सकाळच्या गोळ्या आणि डबा सोबत घेऊन जा.

केमिस्टकडे डोळे उघडे ठेव. वायसोलोन ५, १०, २०, ४० अशा ताकदीत मिळते. ‘सकाळी एक गोळी’ असं पाठ करशील तर एक दिवस पाचाच्या जागी वीस घेशील. नेहमी मिलिग्रॅममध्ये बोलायचं. साडेसात म्हणजे पाचाची दीड. प्रेडनिसोलोन नाही म्हणून केमिस्टने मिथाइल प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकोर्ट पुढे केलं, तर घेऊ नकोस. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे मिथाइलचे ४ आणि डेफ्लाझाकोर्टचे ६. आकडा तोच ठेवून औषध बदललं की डोस बदलला. आणि एखाद्या दिवशी गोळी राहिली? त्याच दिवशी आठवली तर घे. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम नाही, ठरलेलीच घ्यायची, आणि ओपीडीत सांगायचं.

स्टेरॉइड कमी झालं की दर वेळी रक्त का मागतात, हाही तुझा एक वैताग आहे. प्रेडनिसोलोनमुळे टॅक्रोलिमस यकृतात जरा भराभर खपतं. प्रेडनिसोलोन कमी केली की टॅक्रोलिमसची लेव्हल वर चढू शकते, आणि चढलेलं टॅक्रोलिमस किडनीलाच त्रास देतं, हात थरथरवतं. म्हणून एक आकडा हलवला की दुसरा तपासावा लागतो. हे तू घरी बसून कसं करणार होतीस, सांग बरं.

आता शरीराकडे. साखरेचं मी तुला आवर्जून सांगते, कारण इथे रिपोर्ट फसवतो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची पहाटेची साखर छान येते आणि सगळे निर्धास्त होतात. तू जेवणानंतरची तपासायला माग. आपल्या घरात बाबांना मधुमेह होता, तेव्हा तू तर मागच. टॅक्रोलिमसही साखर वाढवतं, म्हणजे दोन्हीकडून जोर आहे. भुकेचं म्हणशील तर ती खरी भूक नाही, गोळीची आहे. चारला काहीतरी लागणारच, तर भाजलेले चणे, फुटाणे, काकडी, मुगाचं धिरडं असं हाताशी ठेव. फरसाणाचा डबा घरातल्यांनी दुसरीकडे ठेवायचा. पापड, लोणचं, खारवलेली मिरची यांनी पाणी साचतं आणि बीपी चढतं, गालही अजून फुगतात. मीठ कमी केल्याने चेहऱ्यात जो फरक पडेल, तो तुझ्या अर्ध्या गोळीने पडला नसता. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन कर आणि वहीत लिही.

हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर लिहून देतील तेवढंच, मनाने वाढवायचं नाही. टाके भरून आले, परवानगी मिळाली की रोज चाल. जांघेत किंवा खुब्यात दुखायला लागलं, जिना चढताना कळ आली, तर ‘वजन वाढलं म्हणून असेल’ असं स्वतःला समजावू नकोस. स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. साध्या एक्स-रेत हा बिघाड सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. दुखतंय म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घ्यायची नाही. ती किडनीला वाईट, आणि स्टेरॉइडबरोबर पोटालाही वाईट. डोळे वर्षातून एकदा दाखव, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो.

मन. याबद्दल कोणी बोलत नाही. सुरुवातीच्या डोसावर माणूस उगाच चिडतो, उगाच रडतो, कधी उगाच खूप उत्साहात येतो. तू जावईबापूंवर भांडी आपटलीस म्हणे. त्यांना मी सांगेन, पण तूही सांग, की यातलं थोडं गोळीचं आहे. सगळं गोळीवर ढकलू नकोस, त्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकलाच असेल. पण चार दिवस झोपच नाही, मनात भलतेसलते विचार येतात, जगणं नको वाटतं, असं काही असेल तर ते ओपीडीत क्रिएटिनिनइतक्याच ठामपणे सांगायचं. त्यावर उपाय असतो.

तापाचं एक लक्षात ठेव. ही गोळी ताप दाबते. इतरांना १०२ येईल तिथे तुला १०० येईल. म्हणून थोडा ताप हा तुझ्यासाठी थोडा नाही. तू सेप्ट्रान घेतेस ती फुप्फुसांतल्या एका विशिष्ट जंतूसाठी, तीही आपणहून सोडायची नाही. खोकला लांबला आणि टीबी निघाला, तर उपचार ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू व्हायला हवेत. रिफाम्पिसिनने टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन दोन्ही शरीरातून झपाट्याने जातात, आणि किडनी उघडी पडते. गुळवेलीचा काढा, प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णं, कोणी कितीही प्रेमाने आणून देवो, तुझ्यासाठी नाहीत. ज्या शक्तीला आपण औषधांनी झोपवतोय, तिलाच काढ्याने कशाला उठवायचं? ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळ, त्यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल चढते. जिवंत जंतूंच्या लशी नकोत, फ्लूची लस विचारून घे.

पाळी परत सुरू झाली, हे तू मला लाजत सांगितलंस. चांगली खूण आहे. पण त्याचा अर्थ दिवसही जाऊ शकतात, आणि मायकोफिनोलेटवर असताना ते जाता कामा नयेत, बाळाला इजा होते. गर्भनिरोधनाचं डॉक्टरांशी आत्ताच बोल. दुसरं मूल हवं असेल तर निदान एक वर्ष थांबायचं, किडनी स्थिर हवी, बीपी ताब्यात हवं. मग डॉक्टर मायकोफिनोलेट सहा आठवडे तरी आधी थांबवून त्या जागी बहुधा अॅझाथायोप्रिन देतात. प्रेडनिसोलोन मात्र गरोदरपणातही चालू राहते. ज्या गोळीचा तुला एवढा राग, तीच त्या दिवसांत भरवशाची.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. किडनी नाकारली जाते तेव्हा बहुतेक वेळा काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. कधी लघवी कमी होते, पायावर सूज येते, ओटीपोटात किडनीच्या जागी दुखतं, ताप येतो. पण बऱ्याचदा फक्त क्रिएटिनिन हलतो, तोही कागदावर. मग बायोप्सी, आणि झटका निघाला तर पहिला उपाय काय माहितेय? पुन्हा मिथाइल प्रेडनिसोलोन, सलाईनमधून, रोज ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, बहुधा तीन दिवस, आणि त्यानंतर गोळीही पुन्हा वरच्या आकड्यापासून. पाच मिलिग्रॅम वाचवायला गेलेल्या पोरी दीड हजार घेऊन घरी जाताना मी पाहिल्यात. गाल उतरायचे राहिले बाजूला, आणि किडनीला बसलेला तो मार पूर्ण भरून निघेलच याचीही खात्री नाही. तुझे गाल उतरण्याचा सगळ्यांत जवळचा रस्ता हाच आहे, की एकही झटका न येता ५ वर पोचायचं. बहुतेकींचा चेहरा त्या डोसावर काही महिन्यांत ओळखीचा होतो.

तेव्हा पुढच्या ओपीडीला असं कर. रांगेत शिरताना ‘डॉक्टरांना वेळ नसतो’ हे डोक्यातून काढ, आणि चेहऱ्याचं पहिलं बोल. ‘मला हा चेहरा सहन होत नाही, डोस कधी आणि कितीवर येणार?’ इतकं सरळ. यात नखरे नाहीत. ज्या पेशंटला चेहऱ्याचा त्रास होतो तीच गोळ्या चुकवते, हे डॉक्टरांना ठाऊक असतं, आणि आधी कळलेलं त्यांनाही हवं असतं. मग विचार: मी पाचावर कायम राहणार की पुढे काही बदल? माझ्या अँटिबॉडीचा रिपोर्ट काय सांगतो? जेवणानंतरची साखर कधी तपासू? उत्तरं तिथेच वहीत लिहून घे, जावईबापूंना वाचायला लाव. आणि डॉक्टरांनी नवा आकडा दिला की फ्रिजवर चिकटवलेला जुना कागद त्याच दिवशी काढून टाक. घरात दोन कागद असले की घाईच्या सकाळी नेमका चुकीचा वाचला जातो.